लष्करी ॲक्शनवर घडविलेली खासगी रायफल आणि काडतुसाची निवड : एक तांत्रिक व ऐतिहासिक विवेचन

सारांश

सैन्यातून निवृत्त झालेल्या रायफलीची ॲक्शन कायम ठेवून तिच्यावर नवी नळी व नवा दस्ता बसविण्याची परंपरा विसाव्या शतकात युरोप व अमेरिकेत रुजली. अशा रायफलीसाठी कोणते काडतूस निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता आवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो धातुविज्ञान, यंत्ररचना, इतिहास आणि कायदा यांच्या सीमेवरचा आहे. प्रस्तुत लेखात जर्मन माउझर ९८ ही ॲक्शन मुख्य उदाहरण म्हणून घेऊन काडतूस-निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ व भारतातील ली-एनफील्ड यांच्या उदाहरणांवरून या निकषांची व्यावहारिक बाजू मांडली आहे.

बीजशब्द : माउझर ९८, ॲक्शन, काडतूस, बोल्टवरील रेटा, उष्णताप्रक्रिया, .३१५ रायफल

१. प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील बहुतेक प्रमुख सैन्यांनी बोल्ट पद्धतीच्या मॅगझीन रायफली स्वीकारल्या. पुढील अर्धशतकात त्यांचे उत्पादन कोट्यवधींच्या घरात गेले. दोन महायुद्धे संपल्यानंतर यांतील असंख्य रायफली सैन्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरल्या व अल्प किमतीत नागरी बाजारात आल्या. शिकारी व नेमबाज यांच्यासाठी कारागीर त्यांची जुनी नळी आणि जड लाकडी दस्ता काढून टाकीत व मूळ ॲक्शनवर नवी रायफल घडवीत. अमेरिकेत १९२३ मध्ये स्थापन झालेल्या ग्रिफिन अँड हाऊ यांसारख्या पेढ्यांनी या कामाला कलाकुसरीची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६८ च्या अमेरिकन कायद्याने लष्करी रायफलींच्या आयातीवर आणि टपालाद्वारे होणाऱ्या विक्रीवर निर्बंध आले, तोवर या व्यवसायाचा भर ओसरू लागला होता.

अशी रायफल घडविताना पहिला प्रश्न काडतुसाचा असतो, कारण नळी, चेंबर व मॅगझीन यांची मापे त्यावरूनच ठरतात. अधिक शक्तिशाली काडतूस अधिक चांगले, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. तथापि लष्करी ॲक्शन ही कोरी पाटी नसते. ती एका विशिष्ट काडतुसाच्या मापाने, विशिष्ट काळातील पोलादातून आणि विशिष्ट दाब गृहीत धरून घडविलेली असते. म्हणून या निवडीत शक्तीचा विचार शेवटी येतो. ॲक्शनच्या मर्यादांचा विचार प्रथम करावा लागतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

रायफलीच्या ज्या भागात काडतूस चढविणे, ते कोंडणे, उडविणे आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणे ही कामे होतात, त्यास ॲक्शन म्हणतात. तिचे दोन मुख्य घटक असतात. नळी ज्यात आट्यांनी बसविली जाते ते पोलादी घर म्हणजे रिसीव्हर. आणि दाराच्या कडीप्रमाणे पुढे सरकवून फिरविला जाणारा दांडा म्हणजे बोल्ट. बोल्टवरील बाहेर आलेले ठोकळे रिसीव्हरमधील खाचांत अडकतात. या ठोकळ्यांना 'लग' म्हणतात. नळीच्या मागील टोकाशी काडतूस ज्या पोकळीत बसते, ती चेंबर होय.

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील ठिणगी देणारी टोपी, आतील धूररहित दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. दारू पेटली की निर्माण होणारा वायू सर्व दिशांना दाब देतो. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते व वायूची वाट अडविते. गोळी पुढे जाते आणि पुंगळीचे बूड मागे बोल्टवर रेटले जाते. हा रेटा बोल्टकडून लगांवर आणि लगांकडून रिसीव्हरवर जातो. आधुनिक रायफलीत हा दाब ४००० बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट असतो. या साऱ्या घडामोडींपासून नेमबाजाचा चेहरा काही सेंटिमीटर अंतरावरच असतो. काडतुसाची निवड हा केवळ कामगिरीचा प्रश्न न राहता सुरक्षिततेचा प्रश्न होतो, तो यामुळेच.

३. माउझर ९८ : रचना व वैशिष्ट्ये

पाउल माउझर (१८३८–१९१४) यांनी ओबेर्नडॉर्फ येथील कारखान्यात विकसित केलेली रायफल जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारली. तिच्यासाठी नेमलेले काडतूस ८×५७ हे होते. यात पहिला आकडा नळीचा स्थूल व्यास आणि दुसरा पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये दर्शवितो. या ॲक्शनच्या बोल्टला पुढे दोन मोठे लग असून मागे एक तिसरा सुरक्षा-लग आहे. पुढचे लग दगावलेच, तर बोल्ट मागे उडून येऊ नये यासाठी हा तिसरा लग योजलेला आहे. टोपी फुटून वायू मागे आल्यास तो वळविण्यासाठी बोल्टमध्ये छिद्रे व मागे रुंद आडोसा ठेवला आहे. काडतूस मॅगझीनमधून वर येताच एक लांब पोलादी नख त्याची कड पकडते आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत ती सोडत नाही.

माउझरच्याच १८९३, १८९५ व १८९६ च्या पूर्वीच्या ॲक्शन दिसायला हिच्यासारख्या असल्या, तरी त्यांत तिसरा लग नाही आणि वायू वळविण्याची व्यवस्थाही तितकी परिपूर्ण नाही. त्यांच्या रिसीव्हरच्या पुढील कड्याचा व्यास सुमारे ३३ मिमी आहे, तर बहुतेक ९८ ॲक्शनचा सुमारे ३५.८ मिमी. 'माउझर' हे नाव एकच असले तरी त्यामागील ताकद एकच नाही, हे यावरून ध्यानात येते.

४. निवडीचे यांत्रिक निकष

४.१ लांबी : काडतुसाची एकूण लांबी मॅगझीनमध्ये मावली पाहिजे. ९८ च्या नेहमीच्या लष्करी मॅगझीनची आतील लांबी सुमारे ८४ मिमी असते. ८×५७ ची कमाल लांबी ८२ मिमी व ७×५७ ची ७८ मिमी असल्याने ती सहज सामावतात. अमेरिकन .३०-०६ ची कमाल लांबी ८४.८४ मिमी असल्याने ते काठोकाठ बसते आणि कित्येकदा किंचित जागा करून घ्यावी लागते. याउलट १९१२ मधील .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची लांबी ९१.४४ मिमी आणि १९११ मधील .४१६ रिग्बीची ९५.२५ मिमी आहे. अशा काडतुसांसाठी माउझर कारखान्याने मुळातच लांब असलेली मॅग्नम ॲक्शन वेगळी बनविली होती. लष्करी ॲक्शनमध्ये ती बसवायची, तर मॅगझीन पुढे वाढवून रिसीव्हरमधील काडतूस चढण्याचा उतार कापावा लागतो. हा उतार खालच्या लगाच्या बैठकीला लागूनच असतो. म्हणजे जेथे सर्वाधिक रेटा येणार, नेमके तेथीलच पोलाद कमी होते.

४.२ बुडाचा व्यास : बोल्टचे तोंड आणि नख हे एका ठरावीक मापाच्या बुडासाठी घडविलेले असतात. ८×५७ च्या कडेचा व्यास सुमारे १२ मिमी आहे. ७×५७, .३०-०६, .२७० विंचेस्टर (१९२५), .३०८ विंचेस्टर (१९५२), .२४३ विंचेस्टर (१९५५) आणि ९.३×६२ या साऱ्यांचे बूड जवळजवळ याच मापाचे आहे. हा योगायोग नाही. माउझरचे बूड अनेक देशांत प्रमाण म्हणून स्वीकारले गेले आणि पुढील काडतुसे त्याच पुंगळीचे तोंड आवळून, रुंदावून किंवा लांबी बदलून जन्मास आली. या कुटुंबातील काडतूस निवडल्यास बोल्टला हात लावावा लागत नाही. कमरेशी पट्टा असलेल्या मॅग्नम पुंगळ्यांचे बूड मात्र सुमारे १३.५ मिमी असते. त्यासाठी बोल्टचे तोंड रुंद करावे लागते व नखालाही नवा आकार द्यावा लागतो.

४.३ मॅगझीनची रुंदी : माउझरच्या पेटीत काडतुसे दोन रांगांत आलटूनपालटून बसतात. लागून असलेल्या तीन काडतुसांची केंद्रे जोडल्यास समभुज त्रिकोण तयार व्हावा, हे या रचनेचे सूत्र आहे. त्यावरून पेटीची रुंदी पुंगळीच्या व्यासाच्या सुमारे १.८६६ पट येते. सुमारे ११.९ मिमी जाडीच्या पुंगळीसाठी ती २२ मिमीच्या थोडी वर, तर १३ मिमी जाडीच्या मॅग्नम पुंगळीसाठी २४ मिमीच्या वर भरते. पेटी अरुंद राहिली तर काडतुसे एकावर एक चढून घट्ट बसतात. अतिरुंद झाली तर ती सैल होऊन नीट वर येत नाहीत. .३०८ सारखे आखूड काडतूस रुंदीत बसते, पण पेटीत लांबीची जागा रिकामी राहते. ती ठोकळा घालून भरावी लागते. कड बाहेर आलेली काडतुसे या पेटीस मुळातच मानवत नाहीत, कारण वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकू शकते.

४.४ दाब आणि रेटा : बोल्टवर येणारा रेटा म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. युरोपीय प्रमाणानुसार ८×५७ चा कमाल दाब ३९०० बार आहे. पुंगळीच्या बाहेरील व्यासावरून स्थूल हिशेब केल्यास बोल्टवर सुमारे साडेचार टनांचा रेटा येतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा (१९६३) कमाल दाब ४३०० बार असून त्याचे बूडही मोठे आहे; तेथे हाच हिशेब सुमारे पावणेसहा टनांवर जातो. दाबातील वाढ जेमतेम दहा टक्के, तरी रेट्यातील वाढ तीस टक्क्यांच्या आसपास. पुंगळी व चेंबर यांच्यातील घर्षणामुळे प्रत्यक्ष रेटा काहीसा कमी असतो; पण तुलनेचे प्रमाण त्यामुळे फारसे बदलत नाही. केवळ दाबाचे आकडे पाहून काडतुसांची तुलना करणे अपुरे का ठरते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

या रेट्याखाली मऊ पोलादातील लगांच्या बैठका हळूहळू दबतात. त्यामुळे हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस पुढे ज्या ठिकाणी अडते तिथपर्यंतचे अंतर, वाढत जाते. पुंगळी मागे ताणली जाते आणि अखेरीस बुडाच्या वर फाटू शकते. ७×५७ हे काडतूस १८९३ व १८९५ च्या जुन्या रायफलींतही वापरले जात असल्याने अमेरिकन उत्पादकांनी त्याची दाबमर्यादा युरोपीय प्रमाणापेक्षा कमी ठेवली आहे. जुनी ॲक्शन नव्या काडतुसावर कशी मर्यादा घालते, याचे हे उदाहरण होय.

५. पोलाद आणि उष्णताप्रक्रिया : स्प्रिंगफील्डचा धडा

ॲक्शनची ताकद केवळ आराखड्यावर अवलंबून नसते, हे अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलीने दाखवून दिले. माउझरच्याच तत्त्वांवर आधारलेल्या या रायफलीच्या काही रिसीव्हरांचे १९१७ मध्ये तुकडे झाले. तपासात दोष आराखड्यात नव्हे, तर भट्टीत आढळला. पोलादाचे तापमान कारागीर त्याच्या रंगावरून, डोळ्यांनी ठरवीत असत. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेले पोलाद कमी तेजस्वी दिसते. त्यामुळे ते आवश्यकतेपेक्षा अधिक तापविले जाई. तापमापक यंत्रे बसविल्यावर हा फरक ३०० अंश फॅरेनहाइटपर्यंत जात असल्याचे दिसून आले. अतितप्त पोलाद ठिसूळ झाले होते.

१९१८ मध्ये उष्णताप्रक्रिया बदलण्यात आली. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील ८,००,००० च्या खालील आणि रॉक आयलंड शस्त्रागारातील २,८५,५०७ च्या खालील क्रमांकांचे रिसीव्हर तेव्हापासून संशयास्पद मानले जातात. ज्युलियन हॅचर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दुर्घटनांचा तपशील नोंदविला आहे. यातील सर्व रिसीव्हर सदोष होते असे नाही. पण कोणता रिसीव्हर कोणत्या दिवशी, कोणत्या उजेडात तापविला गेला, हे आज बाहेरून पाहून कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे अशा ॲक्शनवर सौम्य काडतुसाची रायफल घडविणे हाही खात्रीचा उपाय ठरत नाही. ती बाजूला ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

हाच विचार दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातील जर्मन रिसीव्हरांनाही लावावा लागतो. याउलट दोन महायुद्धांच्या मधल्या शांततेच्या काळात ब्रनो येथे बनलेल्या व्ही.झेड. २४ किंवा अर्जेंटिनासाठी बनलेल्या १९०९ च्या ॲक्शनना कारागीर पसंती देत आले आहेत. माउझरचे अनेक रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचे असून त्यांचा केवळ पृष्ठभाग कठीण केलेला असतो. आतील गाभा चिवट असतो. ठिसूळ पोलाद पूर्वसूचनेविना फुटते, तर चिवट पोलाद आधी दबते व इशारा देते. मात्र रिसीव्हर देखणा करण्यासाठी हा पृष्ठभाग घासून काढला, तर ताकदीचा हा थरच नाहीसा होण्याचा धोका असतो.

६. यशस्वी निवडीची उदाहरणे

या निकषांत चपखल बसणारे काडतूस म्हणून ९.३×६२ चा उल्लेख करावा लागेल. बर्लिनचे बंदूक-कारागीर ओट्टो बॉक यांनी ते १९०५ मध्ये तयार केले. आफ्रिकेतील जर्मन वसाहतींत राहणाऱ्यांना मोठ्या जनावरांसाठी समर्थ रायफल हवी होती. पण महागड्या दुनळी इंग्रजी रायफली त्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. बॉक यांनी बूड माउझरचेच ठेवले, एकूण लांबी ८३.६ मिमीवर थांबविली व दाब ८×५७ च्या पातळीवर राखला. वाढविले ते गोळीचे वजन व व्यास. सुमारे १८.५ ग्रॅमची गोळी या काडतुसातून सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने जाते. म्हणजे ॲक्शनमध्ये बदल न करता तिची पूर्ण क्षमता उपयोगात आणली गेली. अमेरिकेत .३०-०६ ची पुंगळी रुंदावून १९२२ मध्ये तयार झालेले .३५ व्हेलन हे काडतूस याच विचाराचे फलित होय.

सौम्य काडतुसांत ७×५७ चे स्थान वरचे आहे. ब्रिटनमध्ये ते .२७५ रिग्बी या नावाने ओळखले जाई. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली रिग्बी रायफल माउझर ॲक्शनवरील असून याच काडतुसाची होती. मध्यम दाब, कमी धक्का व अचूकता या गुणांमुळे जुन्या ॲक्शनवर अतिरिक्त ताण न टाकता ते समाधानकारक काम देते.

याउलट पट्ट्याची मॅग्नम काडतुसे हा सीमेवरचा पर्याय आहे. .४५८ (१९५६), .३३८ (१९५८) आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ही काडतुसे .३०-०६ च्या लांबीत बसतील अशा बेताने आखलेली असल्याने लांबीची अडचण येत नाही. परंतु बोल्टचे तोंड, नख व मॅगझीन यांत बदल करावा लागतो आणि रेटाही वाढतो. उत्तम स्थितीतील ९८ ॲक्शनवर अशा रायफली घडविल्या गेल्या आहेत; तथापि १८९३ ते १८९६ च्या ॲक्शनवर त्या घडविणे समर्थनीय ठरत नाही.

७. कायदा आणि उपलब्धता : भारतातील .३१५

काडतूस-निवडीत यंत्ररचनेइतकाच प्रभावी घटक म्हणजे शासनाचे धोरण. फ्रान्समध्ये लष्करी काडतुसांच्या नागरी वापरावर दीर्घकाळ निर्बंध होते. ते २०१३ मध्ये शिथिल झाले. भारतात या घटकाचा परिणाम अधिक ठळकपणे दिसतो. ब्रिटिश राजवटीत सैन्याचे काडतूस .३०३ हे होते. सैन्याचा दारूगोळा चोरीस जाऊन खासगी शस्त्रांत वापरला जाऊ नये, म्हणून नागरिकांस त्या बोअरच्या रायफली देण्यावर बंधने आली. परिणामी त्याच ली-एनफील्ड ॲक्शनवर .३१५, म्हणजेच मूळचे ऑस्ट्रियन ८×५० कडेचे काडतूस योजण्यात आले. त्याची कड सुमारे १४ मिमी व .३०३ ची सुमारे १३.७ मिमी, त्यामुळे बोल्टमध्ये ते फारशा बदलाविना सामावते. मात्र गोळीचा व्यास व पुंगळीची जाडी भिन्न असल्याने एकाचा दारूगोळा दुसऱ्यासाठी उपयोगी पडत नाही. यांत्रिक सोय आणि प्रशासकीय हेतू या दोहोंची सांगड येथे घातलेली दिसते.

पुढे इशापूर येथील रायफल कारखान्याने .३१५ स्पोर्टिंग रायफलीचे उत्पादन केले आणि १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळील खडकी दारूगोळा कारखान्याने तिची काडतुसे पुरविली. भारतीय परवानाधारकास हे काडतूस परिचित झाले ते या उपलब्धतेमुळे. त्याच्या अंगभूत श्रेष्ठत्वामुळे नव्हे.

इशापूरचेच दुसरे उदाहरणही उद्बोधक आहे. १९६० च्या दशकात या कारखान्याने ली-एनफील्डच्या आराखड्यावर ७.६२×५१ या नव्या लष्करी काडतुसाची २ए रायफल तयार केली. ली ॲक्शनचे लग बोल्टच्या मागील भागात असतात. त्यामुळे रेट्याखाली तिचा मोठा भाग ताणला जातो. नव्या काडतुसाचा दाब अधिक असल्याने जुन्याच रिसीव्हरांवर नवी नळी चढविण्याचा मार्ग न पत्करता सुधारित पोलादाचे नवे रिसीव्हर बनविण्यात आले. मॅगझीन आणि नख यांतही बदल केले गेले. आराखडा जुना ठेवताही काडतूस बदलता येते, पण त्याची किंमत पोलादात मोजावी लागते, असा याचा अर्थ आहे.

सद्यःस्थितीत शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती वा रूपांतर करण्याच्या व्यवसायास परवाना अनिवार्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे शिकारीची परंपरा कायद्याने संपुष्टात आली. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील अर्थाने खासगी रायफल घडविण्याचा व्यवहार भारतात जवळजवळ नाही. येथे हा विषय प्रामुख्याने तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा ठरतो.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लष्करी ॲक्शनसाठी काडतूस निवडताना लांबी, बूड, मॅगझीन व रेटा हे चार निकष क्रमाने तपासणे आवश्यक आहे. मूळ काडतुसाच्या कुटुंबातील पर्याय या चारही निकषांवर बहुधा उतरतात.

२) दाबाचा आकडा एकटा पुरेसा नाही. बुडाचे क्षेत्रफळ विचारात घेतल्यावरच ॲक्शनवरील ताणाचा अंदाज येतो.

३) एकाच आराखड्याच्या दोन ॲक्शनची ताकद भिन्न असू शकते. निर्मितीचे ठिकाण, वर्ष व उष्णताप्रक्रिया यांची माहिती नसलेली ॲक्शन नाकारणे हाही एक निर्णयच आहे.

४) कायदा आणि दारूगोळ्याची उपलब्धता हे घटक यांत्रिक निकषांइतकेच निर्णायक ठरतात; .३१५ हे त्याचे भारतीय उदाहरण होय.

९.३×६२ च्या निर्मात्याने ॲक्शनच्या मर्यादा आधी मोजल्या आणि मग काडतूस आखले. शतकाहून अधिक काळ ते काडतूस वापरात राहिले आहे. उलटपक्षी, स्प्रिंगफील्डच्या भट्टीसमोरील कारागिरांचा अनुभव दांडगा होता. पण मोजमापाची जागा अनुभवाने घेतली आणि त्याची किंमत रायफल हाती धरणाऱ्यांना मोजावी लागली. वारशाने आलेल्या यंत्राकडून नवे काम करून घेताना त्याच्या क्षमतेची मोजणी आधी आणि अपेक्षा नंतर, हा क्रम राखणे म्हणूनच अगत्याचे ठरते.